गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजता येतो का? (वडाळा-पाथर्डी रोड, नाशिक)

पाथर्डीकर

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे आणि थोडा भांडणाचाही. आमची सोसायटी वडाळा-पाथर्डी रोडला लागून, जरा पुढे शाळा. रस्ता सरळसोट, डांबर चांगलं, त्यामुळे गाड्या बेफाम सुटतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी हाच विषय निघतो, एक गट म्हणतो स्पीडब्रेकर पाहिजे, दुसरा म्हणतो स्पीडब्रेकरने कंबर मोडते, इथे कोणी वेगात जात नाही, तुम्हाला उगाच वाटतं. मागे अर्ज घेऊन एका ठिकाणी गेलो तर साहेब म्हणाले, "वेग जास्त आहे हे कशावरून म्हणता?" आता यावर काय बोलणार. डोळ्यांना दिसतं ना हो.

तर डोक्यात असं आलंय की माझी गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथून बराच लांबपर्यंत रस्ता स्वच्छ दिसतो. जुना मोबाइल बांधून व्हिडिओ काढायचा आणि त्यावरून गाड्या किती जातात, कितीच्या स्पीडने जातात ते काढायचं. यूट्यूबवर दाखवतात ना, प्रत्येक गाडीभोवती चौकोन आणि वर आकडा, तसं. घरच्या घरी होतं का हे? खर्च किती? आणि असा आकडा कोणी मानतं का? पायथॉन थोडं येतं, म्हणजे मुलीला येतं.

उगाच_एक

मुलीला येतं म्हणजे झालंच की. तुम्ही फक्त चार्जर लावा.

गंगापूररोडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. स्पीडब्रेकर विरुद्ध कंबर हा विषय आमच्या सोसायटीत तीन चेअरमन खाऊन गेला.

फ्रेम_बाय_फ्रेम

होतं, आणि खर्च जवळजवळ शून्य. पण यूट्यूबवरचे चौकोन बघून भुलू नका, त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंत वरचा आकडा म्हणजे निव्वळ थाप असते. गाडी ओळखणं आता सोपं झालंय. योलो नावाचं मॉडेल फुकट मिळतं, ते प्रत्येक फ्रेममधल्या, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्रातल्या, गाड्या शोधून चौकोन काढतं. मग एक ट्रॅकर लागतो, सॉर्ट किंवा बाइटट्रॅक, तो सांगतो की या फ्रेममधली पांढरी स्विफ्ट ही मागच्या फ्रेममधलीच. इथवर तुम्हाला एवढंच कळतं की गाडी इतके पिक्सेल सरकली. आता पिक्सेलचे मीटर कसे करणार? गॅलरीखाली एक मीटर समजा चाळीस पिक्सेलचा असेल, तर तिकडे शाळेच्या गेटजवळ तोच मीटर आठ-दहा पिक्सेलमध्ये मावतो. सगळ्या फ्रेमला एकच माप लावलं की त्या हिशोबाने प्रत्येक गाडी जवळ येताना आपोआप वेग घेते आणि लांब जाताना ब्रेक मारते.

उपाय म्हणजे रस्त्यावरच्या चार खुणा, ज्यांची आपसांतली अंतरं टेपने प्रत्यक्ष मोजली आहेत. हे चार बिंदू ओपनसीव्हीला (चित्रांवर काम करणारी फुकट लायब्ररी) दिले की तो होमोग्राफी काढून देतो, म्हणजे तिरका दिसणारा रस्ता वरून बघितल्यासारखा सपाट करून. टेप लावली नसेल तर कॅमेरा कितीही भारी असो, किमी प्रतितास म्हणून जो आकडा येईल त्याला काही अर्थ नाही.

पाथर्डीकर

भर रस्त्यात टेप लावायला गेलो तर पहिला मीच उडेन. गुगल मॅपवर अंतर मोजलं तर?

निवृत्त_उपअभियंता

पाथर्डीकर, मॉडेल-बिडेल नंतर. आधी साधी पद्धत करा. फुटपाथवरचे लाइटचे दोन खांब धरा, त्यांच्यामधलं अंतर फुटपाथवरूनच टेपने घ्या, रस्त्यात उतरायची गरज नाही. खांबांसमोर डांबरावर खडूने आडव्या खुणा करा, त्या तेवढ्या रविवारी पहाटे. मग व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचा, पुढचं चाक पहिल्या रेषेवर कोणत्या फ्रेमला आलं, दुसरीवर कोणत्या. बास. ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर २० मीटरला ४३ फ्रेम लागतात, एखादी इकडेतिकडे झाली तरी चूक २-३ टक्क्यांची. तेच अंतर ५ मीटर ठेवलंत तर सगळ्या मिळून ११ फ्रेम, तिथे एक चुकली की ९ टक्के गेले. म्हणून दोन रेषा एकमेकींपासून लांब ठेवा. गुगल मॅप अंदाजापुरता ठीक, पण उद्या कोणी विचारलं तर "टेपने मोजलं" हेच उत्तर चालतं.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा असलं काही नव्हतं. ट्रॅफिक सेन्सस म्हणजे रस्त्याकडेला खुर्ची, कंदील, दोन पोरं आणि छापील तक्ता. सलग ७ दिवस, २४ तास, वर्षातून दोनदा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. रात्री तीन ते पाचच्या रकान्यातल्या रेघा फार सुबक यायच्या, एका पेनाच्या, एका मापाच्या. समजून घ्यायचं की पोरगा झोपला होता आणि सकाळी चहा पिता पिता सगळ्या एका बैठकीत काढल्यात. आमचे एक साहेब असा तक्ता नुसता तिरका धरून बघायचे आणि परत पाठवायचे.

कॅमेऱ्याने मोजायची कल्पनाही काही नवी नाही बरं का. अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात मुव्ही कॅमेऱ्याने ठरावीक अंतराने चित्रं घेऊन वेग आणि गर्दी यांचा संबंध मांडला. त्याचा १९३५ चा पेपर अजून सिव्हिलच्या पोरांना शिकवतात.

गंगापूररोडी

रेघांचा किस्सा भारी काका. वाचनखूण साठवली.

निफाडचा_द्राक्षवाला

योलोला कांद्याचा ट्रॅक्टर काय दिसतो ते सांगा. मागे दोन ट्रॉल्या, वर गोण्या, त्यावर दोन माणसं झोपलेली.

फ्रेम_बाय_फ्रेम

मूड लागेल ते दिसतं. कधी ट्रक, कधी बस, कधी काहीच नाही. त्याचं कारण असं की योलो बहुतेक वेळा कोको नावाच्या फोटोसंग्रहावर शिकवलेलं मिळतं, त्यात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. कार, मोटरसायकल, बस, ट्रक, सायकल आहेत. हत्ती आहे, झेब्रा आहे, जिराफसुद्धा आहे. रिक्षा नाही. ट्रॅक्टरही नाही. त्यामुळे आपली रिक्षा कधी कार म्हणून मोजली जाते, कधी ट्रक म्हणून. आपल्या रस्त्यांसाठी हैदराबादच्या ट्रिपलआयटीने इंटेलबरोबर इंडियन ड्रायव्हिंग डेटासेट काढला, २०१८ चा, त्यात रिक्षाला वेगळा वर्ग आहे. त्यावर शिकवलेलं मॉडेल शोधा किंवा स्वतःच्याच व्हिडिओतले काहीशे फोटो हाताने खुणा करून शिकवा. कंटाळवाणं काम आहे पण फरक पडतो.

उगाच_एक

वडाळा-पाथर्डी रोडवर जिराफ आला तर मात्र शंभर टक्के अचूक मोजला जाईल.

निवृत्त_उपअभियंता

ट्रॅक्टरचा विषय हसण्यावारी नेऊ नका. वाहनं मोजताना सगळी एकाच मापाने मोजत नाहीत, पीसीयू नावाचं एकक असतं, म्हणजे एक वाहन किती कारएवढी जागा अडवतं ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १०६ क्रमांकाच्या मानकात (१९९०) शहरी रस्त्यांसाठी दिलंय. दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस-ट्रक २.२ ते ३.७, ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. त्या वाहनाचा रहदारीतला वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर कमी आकडा, १० च्या वर गेला तर जास्त. त्यानंतर २०१७ ला इंडो-एचसीएम, म्हणजे भारतीय रस्त्यांच्या क्षमतेचं मॅन्युअल, आलं, त्यात दुचाकीचा आकडा बराच उतरवलाय. तेव्हा मॉडेलने ट्रॅक्टरला कार म्हटलं तर हिशोब चांगलाच बिघडतो.

निफाडचा_द्राक्षवाला

म्हणजे आमचा एक ट्रॅक्टर पाच कारच्या तोडीचा. सासरी कळवतो.

रश्मी_के

मी त्याच रोडवर राहते, मुलगी त्याच बाजूच्या शाळेत. मला हा सगळा वेगाचा खटाटोप पटत नाहीये. शाळा सुटते तेव्हा तिथे व्हॅन तिहेरी लावलेल्या असतात, रिक्षा उलट्या येतात, आई-बाबा गाडी चालू ठेवून मध्येच थांबतात. तेव्हा कोणाचा वेग वीसच्या वर जात असेल तर मला दाखवा. त्रास गर्दीचा आहे, वेगाचा नाही. कॅमेरा लावायचाच असेल तर गाड्या किती येतात ते मोजा आणि शाळेला दाखवा.

पाथर्डीकर

रश्मीताई, गर्दी तुम्हाला दिसते कारण तुम्ही तेव्हा तिथे असता. बाकीच्या वेळी काय चालतं ते गॅलरीतून बघा एकदा.

फ्रेम_बाय_फ्रेम

दोघांचंही बरोबर असू शकतं. पण "गाड्या किती" हा आकडा एकटा फार फसवतो. वर काकांनी ग्रीनशील्ड्सचं नाव घेतलंच आहे म्हणून. रस्त्यावरून तासाला जाणाऱ्या गाड्या म्हणजे घनता गुणिले वेग. घनता म्हणजे किलोमीटरभर रस्त्यात किती गाड्या आहेत ते. रस्ता रिकामा असेल तर गाड्या कमी जातात, आणि पार तुंबला असेल तरी कमीच जातात, कारण हलतच नाहीत. द्वारका सर्कलला संध्याकाळी सात वाजता एक रेष आखून मोजा आणि पहाटे पाचला मोजा, कदाचित आकडे जवळपास येतील, आणि कागद बघणारा साहेब म्हणेल की द्वारकाला प्रॉब्लेमच नाही. संख्या आणि वेग दोन्ही बरोबर लागतात, कॅमेऱ्याचा खरा फायदा हाच की दोन्ही एकाच व्हिडिओतून निघतात. जुने हवेच्या नळीचे काउंटर किंवा डांबरात पुरलेली तारेची लूप एका जागी किती गेले ते सांगतात, पण मागे रांग कुठवर गेलीये ते त्यांना दिसत नाही.

सुजय_सातपूर

द्वारकाचं नाव काढलंत, आता धागा तिकडेच जाणार.

गंगापूररोडी

द्वारकाला वेग मोजायला कॅमेरा कशाला, कॅलेंडर पुरे.

सुजय_सातपूर

अवांतर: कॅमेऱ्यावर माझा अजिबात विश्वास नाही. मला एक चलान आलं होतं, कोणत्या शहरातलं ते जाऊ द्या. गाडी माझी ॲक्टिव्हा. फोटो उघडून बघतो तर बोलेरो पिकअप. नंबरमधल्या ८ चा त्यांच्या कॅमेऱ्याने ३ केलेला. रद्द करायला जेवढं पेट्रोल जाळलं तेवढ्यात दंड भरून झाला असता. आणि असेच कॅमेरे म्हणे वेगही मोजणार.

वकिली_बाणा

सुजय, म्हणूनच नियम आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३, वेगमर्यादा ओलांडणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १००० ते २००० दंड, मध्यम आणि जड वाहनांना २००० ते ४०००. त्याच दुरुस्तीत कलम १३६अ आलं, इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं, आणि त्याखाली केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ काढला. वेग पकडणाऱ्या उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र पाहिजे, ते दरवर्षी नवं करायचं. उपकरण लावलंय असा ठळक फलक पाहिजे. नोटीस १५ दिवसांत जायला पाहिजे. फोटोत गाडी तुमची नाही हे दिसत असेल तर तक्रार करायचीच, "दंड भरून टाकला असता" म्हणत बसायचं नाही.

पाथर्डीकर, तुमच्या मोबाइलला असलं प्रमाणपत्र नाही, म्हणजे तुमच्या व्हिडिओवर कोणाला चलान लागणार नाही. पण तुम्हाला चलान लावायचंच नाहीये. निवेदनाला जोडायला मोजणीचा तक्ता आणि पद्धत लिहिलेला कागद द्या, तो कोणीही वाचू शकतो. नंबरप्लेट कुठे दाखवू नका, व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका.

उगाच_एक

व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका हे नाशिककरांना सांगताय. हलके घ्या.

सुजय_सातपूर

हायवेवर पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतून वेग मोजायची बंदूक धरून मोजतात, ते तरी बरोबर असतं का? की तेही अंदाजपंचे?

फ्रेम_बाय_फ्रेम

ते बरंच बरोबर असतं. रडार असेल तर गाडीवर आदळून परत येणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी बदलते, त्यावरून वेग. लेझर असेल तर सेकंदाच्या काही अंशात शेकडो वेळा अंतर मोजून किती बदललं ते बघतात. आणि तिरक्या कोनातून धरली तर चूक गाडीवाल्याच्या फायद्याची होते. रस्त्याशी २० अंशाचा कोन असेल तर ६० चे ५६ दिसतात. म्हणजे मशीन खोटं बोललं तरी कमीच बोलतं.

कॅमेऱ्याचं मात्र उलटं आहे, तो जास्त बोलतो. पाथर्डीकर, तुमच्या कामाचं म्हणून हे नीट वाचा. होमोग्राफी फक्त रस्त्याच्या पृष्ठभागापुरती खरी. गाडीचं छत रस्त्यावर नाही, हवेत आहे, पण गणिताला वाटतं की ते रस्त्यावरच चिकटलेलं आहे, फक्त आणखी लांब. तुमचा मोबाइल १० मीटर उंचीवर आहे असं धरू. कारच्या बॉनेटवरचा बिंदू एक मीटर उंच, तर वेग १० भागिले ९, म्हणजे ११ टक्के जास्त दिसणार. बसचं छत तीन मीटर, तर १० भागिले ७. ३५ ने जाणारी सिटीलिंकची सिटी बस तुमच्या कॉम्प्युटरवर ५० ने जाईल, आणि ड्रायव्हर बिचारा उगाच शिव्या खाईल. म्हणून चौकोनाचा मधला बिंदू धरायचा नाही, चाक जिथे डांबराला टेकतं तो धरायचा. चौकोनाच्या खालच्या कडेचा मध्य घेतला तरी चालतं.

पाथर्डीकर

बापरे. मुलीने मधलाच बिंदू घेतला होता. बसेस ५० च्या वर बघून मी निवेदनाचा मसुदाही लिहायला घेतला होता.

निफाडचा_द्राक्षवाला

सिटीलिंक ५० ने गेली तर मी आमच्या बागेतली पेटी पाठवतो तुम्हाला.

मनोज_मखमलाबाद

आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हाच प्रोजेक्ट केला होता. तेव्हा योलो माहीत नव्हतं, बॅकग्राउंड वजा करायची पद्धत वापरली, म्हणजे रिकामा रस्ता लक्षात ठेवायचा आणि जे बदलेल ते वाहन. लॅबमध्ये झकास चाललं. कॉलेज रोडला नेलं आणि वाट लागली. पाणीपुरीची गाडी लागली की पहिले काही मिनिटं वाहन, मग हळूहळू रस्ताच समजली जायची, आणि रात्री ती हलली की त्या रिकाम्या जागेला आमचा प्रोग्रॅम वाहन म्हणायचा. संध्याकाळी सावल्या लांब पडल्या की शेजारच्या दोन बाइक सावलीने जोडून एक कार. कडुनिंब हलला की वाहतूक वाढली. एक्स्टर्नलला सकाळी ११ चा व्हिडिओ दाखवला आणि पास झालो.

रश्मी_के

सगळ्या संशोधनाचे व्हिडिओ सकाळी ११ चेच असतात वाटतं :)

फ्रेम_बाय_फ्रेम

ताई, हे खरंच आहे. स्वच्छ ऊन, सावली पायाशी, पाऊस नाही. जुलैत आपल्याकडची ती बारीक बारीक भुरभुर सुरू झाली की लेन्सवर थेंब, ओल्या डांबरावर हेडलाइटची चकाकी, आणि मॉडेलला एका बाइकच्या दोन दिसतात. दिवसा त्रास वेगळा. मधून बस गेली की तिच्यापलीकडची ॲक्टिव्हा दिसेनाशी होते, बस सरकल्यावर ट्रॅकर तिला नवीन नंबर देतो. म्हणून एकूण नंबर किती झाले ते मोजू नका, एक रेष आखा आणि ती ओलांडणाऱ्याच मोजा.

अंबड_फर्स्टशिफ्ट

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता लिहितो. या रोडवरून सकाळी जाणाऱ्यांपैकी मी एक. सातची शिफ्ट. हजेरीच्या मशीनवर अंगठा सात वाजून काही मिनिटांनी लागला की अर्धा दिवस कापतात, मॅनेजर म्हणतो ट्रॅफिकचं कारण सांगू नका, लवकर निघा. लवकर निघतो हो, पण डबा होईपर्यंत साडेसहा वाजतात. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, सगळे पळवतात, मीपण. तुमच्या कॅमेऱ्यात आम्ही गुन्हेगार दिसणार आणि कंपनीचं अंगठ्याचं मशीन दिसणार नाही, एवढंच म्हणायचंय.

पाथर्डीकर

दादा, तुमचा नंबर कुठे येणार नाही, एवढ्या उंचीवरून प्लेट दिसतही नाही. पण वेळ सांगितलीत ते फार बरं झालं. त्याच वेळी सकाळच्या शाळेच्या व्हॅन थांबतात.

निवृत्त_उपअभियंता

आता गाडी रुळावर आली. पाथर्डीकर, दिवसभराची सरासरी काढलीत तर काहीच हाती लागणार नाही. रश्मीताई म्हणतात तो दुपारचा वीसचा वेग आणि हा सकाळचा पळापळीचा, दोन्ही मिसळले की सभ्य आकडा येतो. तेव्हा १५-१५ मिनिटांचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्यात ८५ पर्सेंटाइल वेग काढा, म्हणजे १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो. रस्त्याची वेगमर्यादा ठरवताना हाच आकडा बघतात.

सरासरीतही दोन प्रकार. एक कार ६० ने गेली, एक रिक्षा २० ने. सरासरी ४०, असं सगळेच म्हणतात. पण किलोमीटरभर रस्ता धरला तर कारला १ मिनिट, रिक्षाला ३, दोन किलोमीटरला ४ मिनिटं, म्हणजे ३०. एका रेषेवर उभं राहून मोजलं तर ४०, रस्त्याच्या लांबीवर मोजलं तर ३०. घनतेच्या हिशोबात दुसरी लागते. वॉर्डरॉप नावाच्या वाहतूक अभ्यासकाने हे १९५२ मध्ये लिहून ठेवलंय, तरी रिपोर्टांत अजून घोळ असतो.

आणि वेग का बघायचा ते रश्मीताईंसाठी. रस्ते आखताना थांबायला किती अंतर लागतं त्याचा तक्ता असतो. ३० च्या वेगाला ३० मीटर, ५० ला ६०. वेग दुप्पटसुद्धा झाला नाही, अंतर दुप्पट. व्हॅनच्या मागून पोरगं धावत आलं तर हा फरक लागतो.

रश्मी_के

पटलं. पण दुपारच्या तिहेरी पार्किंगचंही मोजा. सोडणार नाहीये मी.

*(मधे काही दिवस धागा शांत)*

पाथर्डीकर

अपडेट. मोबाइल गॅलरीच्या ग्रिलला केबल टायने घट्ट बांधला, कारण वाऱ्याने हलला की अख्खा रस्ताच धावतो. दोन खांबांमधलं अंतर टेपने घेतलं. चाकाचा बिंदू धरला. दुपारी शाळा सुटायच्या वेळी रश्मीताईंचं शंभर टक्के खरं, गाड्या सरपटतात. पण सकाळी साडेसहा ते सव्वासात या वेळात दुचाक्यांचा ८५ पर्सेंटाइल दुपारच्या दुपटीहून वर जातोय. आकडे पूर्ण तपासून झाले की तक्ता टाकतो. कार त्या मानाने शहाण्या निघाल्या, ते मला अपेक्षित नव्हतं.

सी_विंग_४०२

नमस्कार. मी तो दुसरा गट. कंबर माझी. पाथर्डीकर, धागा तुमचा आहे हे पहिल्याच ओळीत ओळखलं होतं, गंमत बघत होतो.

माझा आक्षेप ऐका. तुम्ही म्हणता सकाळी साडेसहाला वेग जास्त. तेव्हा उजेड किती असतो? मोबाइल अंधारात आपोआप फ्रेम कमी करतो. वर ३० लिहिलेलं असतं पण प्रत्यक्षात २० निघतात. तुम्ही फ्रेम मोजून ३० ने भागल्यात तर पहाटेची प्रत्येक गाडी दीडपट पळणार. दुपारी मात्र सगळं बरोबर. मी टीव्ही चॅनलसाठी कॅमेरा केलाय, हे मला कोणी सांगायला नको.

उगाच_एक

वा! खलनायकाची एंट्री आणि तीही अभ्यास करून.

फ्रेम_बाय_फ्रेम

४०२ चा मुद्दा सोळा आणे खरा आहे. पाथर्डीकर, फ्रेम मोजून भागलंत की प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचलीत?

पाथर्डीकर

मुलीने फ्रेमची वेळ वाचलीये, तिला विचारून खात्री केली. शिवाय पहिल्याच दिवशी मोबाइलसमोर दुसऱ्या मोबाइलचं स्टॉपवॉच धरून पडताळा घेतला होता, तिच्या कॉलेजमधल्या सरांनी सांगितलं होतं. उजाडायच्या आधीचा व्हिडिओ आणि नंतरचा, दोन्हीत स्टॉपवॉच जुळतं.

सी_विंग_४०२

ठीक. ते एक मिटलं. खांबांमधलं अंतर तुम्ही एकट्याने मोजलंत, ते मला मान्य नाही. पुन्हा मोजू, माझ्याकडे ३० मीटरची टेप आहे.

आणि समजा वेग जास्त निघाला, तरी तुम्ही म्हणता तसला उंचवटा मी होऊ देणार नाही. वडाळा गावाकडून येताना एक आहे, तो स्पीडब्रेकर आहे की गॅस पाइपलाइन बुजवलीये तेच कळत नाही.

निवृत्त_उपअभियंता

४०२, तो स्पीडब्रेकर नव्हेच. आयआरसी ९९ मध्ये माप दिलंय, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. असा हंप २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येतो, कंबरेला काही होत नाही. रुंदी फूट-दीड फूट करून उंची तीच ठेवली की मग मणका बोलतो. अर्जात नुसतं "स्पीडब्रेकर बसवा" लिहू नका, माप लिहा. आधी पट्टे, मग फलक, मग हंप.

सी_विंग_४०२

३.७ मीटर? म्हणजे माझ्या हॉलएवढा. असा असेल तर माझी सही घ्या.

अंबड_फर्स्टशिफ्ट

असा असेल तर आमचीपण हरकत नाही. फक्त रात्री दिसेल असा पांढरा रंग मारा. न दिसणाऱ्या हंपवर आमचा एक मित्र दात पाडून बसलाय.

निवृत्त_उपअभियंता

अजून एक. पाथर्डीकर, ८५ पर्सेंटाइल काढताना पुढच्या गाडीमागे अडकलेल्या गाड्या बाजूला काढा, त्यांचा वेग त्यांच्या हातात नसतो. मागच्या-पुढच्या गाडीत चार-पाच सेकंदांचं अंतर असेल त्याच घ्या. आणि कंपन्यांना सुट्टी असेल त्या दिवशीही सकाळी एकदा मोजा, म्हणजे शिफ्टमुळे वेग वाढतो की मोकळ्या रस्त्यामुळे ते कळेल.

पाथर्डीकर

मोजतो. ४०२, रविवारी सहा वाजता टेप घेऊन खाली या. खडू माझ्याकडे आहे.